नंबर तीन मचाणावर

गणपतने डोळे मिटून तीन मिनिटं झाली होती. चौथ्या मिनिटाला त्याने कुणाला तरी आईवरून शिवी दिली. खोलीत त्याच्याशिवाय तीन पेशंट आणि मी होतो. त्या तिघांचे डोळे मिटलेले होते आणि शिवी आमच्यापैकी कुणालाच नव्हती. मी घड्याळ बघितलं आणि चार्टवर नंबर तीनपुढे ‘अस्वस्थ’ लिहिलं. चार्टवर तीनच शेरे चालत: शांत, अस्वस्थ आणि झोप. शिवीसाठी रकाना नव्हता.

नंबर तीन म्हणजे गणपत. कामरगावकडचा शेतमजूर, वय पस्तिशीचं, हातपाय लाकडासारखे टणक. मी तिथला सोशल वर्कर; पेशंट मला मास्तर म्हणत. मेंटल हॉस्पिटलात सोशल वर्कर नावाचा माणूस ठेवायची पद्धत तेव्हा इतकी नवी होती की खुद्द हॉस्पिटलात मला काय काम द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मला केनवडला पाठवलं.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं ती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा तालुका होता. केनवड हे रिसोडकडचं मोठं गाव. गावाच्या कडेला गोविंदराव नावाच्या शेतकऱ्याचं एक रिकामं घर आमच्या हॉस्पिटलने घेतलं होतं. कारण साधं होतं. जो माणूस सहा-आठ वर्षं वॉर्डात राहिला, त्याला घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, एवढंच ठाऊक असतं. त्याला एकदम घरी सोडला की तो विहिरीपाशी बादली घेऊन उभा राहतो आणि पुढची घंटा व्हायची वाट बघतो. मग घरचे म्हणतात, अजून वेडाच आहे, आणि परत आणून सोडतात. म्हणून मध्ये एक घर हवं, जिथे पेशंट स्वतः चूल पेटवतील, पाणी भरतील, बाजारात जातील. आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांची ही कल्पना. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘पुनर्वसन गृह’ होतं. गावात त्याला यड्याईचं घर म्हणत. पत्ता विचारायचा तर दुसरं नाव सांगावं लागे.

घरात आठ पेशंट होते. सगळ्यांना स्किझोफ्रेनिया. एका अंगात दोन माणसं राहतात, अशी लोकांची या आजाराबद्दल समजूत असते. तसं नसतं. माणूस एकच असतो, पण समोर नसलेल्याचा आवाज त्याला ऐकू येतो, आणि तो आवाज त्याला खराखुरा वाटतो. गणपतला एका पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. भाकरीत काहीतरी घातलंय, थोरला भाऊ तुझ्या वाईटावर आहे, असं तो आवाज सांगायचा. त्या सुमारास एक नवी गोळी आली होती. तिच्याने हे आवाज बऱ्याच जणांचे मंद व्हायचे. पण माणूस दिवसभर पेंगायचा, हात कापायचे आणि उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. म्हणून मला सक्त ताकीद होती: पेशंटना उन्हात न्यायचं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यात प्रोफेसरसाहेब आले. ते मानसशास्त्राचे. ध्यानाने अशा रोग्यांना फायदा होतो का, हे त्यांना शास्त्रीय पद्धतीने तपासायचं होतं. माणूस सज्जन होता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी आठ जणांचे दोन ग्रुप केले. एक ते चार ध्यानाचा ग्रुप. यांनी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. पाच ते आठ तुलनेचा ग्रुप. यांनी तेवढाच वेळ डोळे उघडे ठेवून, समोर बघत, नुसतं बसायचं. दोन महिन्यांनी दोन्ही ग्रुपची परीक्षा. ज्याची तब्येत मध्येच बिघडेल किंवा जो मध्येच ग्रुप सोडेल, त्याला परत वॉर्डात पाठवायचं आणि त्याच्या जागी दुसरा पेशंट आणायचा. हे सगळं एका छापील कार्डावर होतं. मी ते खिशात ठेवत असे.

दसऱ्याला सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यातच ध्यानाच्या ग्रुपमधल्या दोघांना बरं वाटू लागलं. त्यांना झोप चांगली लागायची, हातांची थरथरही कमी झाली. तेव्हा ध्यान वाईट, असं मी म्हणत नाही. आजही म्हणत नाही. पण गणपतचं उलट होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

“मास्तर, डोये उघडे असले का तो लांबून बोलते,” गणपत म्हणाला. “मिटले का कानात येऊन बसते.”

मी प्रोफेसरसाहेबांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की विहीर उपसताना आधी गाळ वर येतो, ही चांगली खूण आहे, चालू ठेवा. मी चालू ठेवलं. त्यानंतर चौथ्या दिवशी गणपतने भाकरी सोडली.

त्याच दिवशी त्याची बायको आली. काशीबाई. कामरगावहून दोन एसट्या बदलून, सकाळची निघालेली. फडक्यात बांधून तिने तिळाची चटणी आणली होती. गणपतने फडकं उघडलं नाही. निघताना ती ओट्यावर माझ्यासमोर उभी राहिली.

“थोरले म्हणते, पाडव्याले कोनी साल धरलं तं घरात घ्यू. नाई तं तिकडंच राहू द्या,” ती म्हणाली. “तुमी खरं सांगा मास्तर, हे बरे होऊन राह्यले का?”

साल धरणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात शेतकरी गुढीपाडव्याला वर्षभरासाठी गडी ठेवतो. तो सालगडी. एकदा पाडव्याला शब्द झाला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो मालकाचा आणि मालक त्याचा. पाडवा हुकला तर वर्ष गेलं. आजवर वेड्याच्या दवाखान्यातून आलेल्याचं साल कुणी धरल्याचं मी ऐकलं नव्हतं. बहुधा थोरल्या भावालाही हे माहीत होतं. अट पक्की होती आणि तो मोकळा होता.

बरे होऊन राह्यले, असं मी काशीबाईला सांगितलं. खोटं बोललो. ती एसटीत बसेपर्यंत मला वाईट वाटत राहिलं, आणि नंतर जास्तच.

इकडे तुलनेच्या ग्रुपचा वेगळाच घोळ चालू होता. घराच्या मागेच गोविंदरावांची जवारी उभी होती. कणसं भरत आली होती. राघूंचे थवेच्या थवे उतरत होते. आणि समोर ओट्यावर माझे चार पेशंट, कार्डाप्रमाणे डोळे उघडे ठेवून, शांतपणे ते बघत बसले होते. गोविंदराव तीन दिवस येता-जाता बघत राहिले. चौथ्या दिवशी थांबले.

“हे चौघं काय करून राह्यले?”

मी म्हटलं, बसले आहेत.

“कायले?”

रिसर्च आहे, असं मी सांगितलं. शिकलेल्या माणसाबद्दल गोविंदरावांना आदर होता, पण त्याला हद्द होती.

“पाखरं जवारी खाऊन राह्यली, अन् चार धडधाकट गडी समोर बसून पाहून राह्यले. गाव काय म्हणीन मले? बसाचंच हाय ना त्यायले? मंग मचाणावर बसवा.”

मी कार्ड काढून वाचलं. ‘डोळे उघडे ठेवून, समोर बघत बसणे.’ मचाणावर बसता येत होतं. समोर बघावंच लागत होतं. हातात गोफण नसावी, असं कार्डावर कुठेही म्हटलेलं नव्हतं. राहिला उन्हाचा प्रश्न. मचाणांना वर तुराट्यांचं छप्पर होतं आणि वेळ सकाळची व संध्याकाळची होती. मी चौघांच्या डोक्याला पटके बांधले, तोंडाला आणि हातांना खोबरेल चोपडलं आणि त्यांना शेतात नेलं. हा निर्णय मी कुणालाही न विचारता घेतला. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

चौघांपैकी तिघं मजेत राखण करू लागले. चौथा म्हणजे नंबर सात, दौलत. बुटका, गोल, झोपाळू माणूस. नवी गोळी त्याला जरा जास्तच मानवली होती. दुसऱ्या दिवशी तो बसल्या बसल्या पेंगला आणि मचाणावरून अर्धा खाली लोंबकळला. मी त्याचे पाय धरले म्हणून वाचला. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, “मास्तर, मले ते डोये मिटाचं काम द्या ना.”

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. ध्यानाच्या खोलीत असा माणूस होता ज्याने डोळे मिटू नयेत, आणि मचाणावर असा, ज्याला डोळे मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. ग्रुप बदलला असं कळवलं तर नियमाप्रमाणे दोघंही वॉर्डात परत. गणपतचा पाडवा संपला. मी माणसं बदलली आणि रजिस्टर तसंच ठेवलं. खोलीत दौलत बसायचा, मचाणावर गणपत. चार्टवर मात्र नंबर तीन ध्यानातच होता.

गणपत मचाणावर चढला. पहिल्या दिवशी त्याने एकही धोंडा मारला नाही. मान एका बाजूला कलती करून तो काहीतरी ऐकत बसला. मी खाली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून होतो. राघू निवांत खात होते.

केनवडच्या शिवारात राखणीची एक रीत होती. मचाणावरच्याने मधूनमधून हाक द्यायची, “हाऽऽहू!” मग शेजारच्या मचाणावरच्याने तशीच हाक परत द्यायची. तिला जवाब म्हणत. पाखरं दोन्हीकडून उठत आणि शिवारात सगळे जागे आहेत हेही कळे. दोन हाकांना जवाब आला नाही, तर हाक देणाऱ्याने गोफण ठेवून बघायला जायचं. कुणी पडला असेल, कुणाला पान लागलं असेल. तिकडे साप चावला की पान लागलं म्हणतात.

शेजारच्या मचाणावर सखूबाई होती. साठीची बाई, आवाज असा की रिसोडला कळावं. तिने एक हाक दिली. गणपत गप्प. दुसरी दिली. गणपत गप्पच. मग जवारी बाजूला सारत ती आमच्या मचाणाखाली येऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

“काहून रे? जवाब काहून नाई देत?” ती गणपतला म्हणाली. “मेला का जित्ता हाय, पाह्यले आली मी. माह्या इकडं पाखरं बसली ना तोवर.”

गणपत तिच्याकडे बघत राहिला. तो वेडा आहे म्हणून लोक यापूर्वी त्याच्याजवळ आले होते. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून कुणी वावर तुडवत आलं नव्हतं. सखूबाई परत गेली आणि मचाणावर चढून तिने पुन्हा हाक दिली. बऱ्याच वेळाने गणपतच्या घशातून काहीतरी निघालं. तिसऱ्या मचाणावरून त्याला जवाब आला.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा आवाज मोकळा झाला. हाकेच्या अधूनमधून तो शिव्याही द्यायचा, त्याच जुन्या माणसाला. मी घाबरून आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मचाणावर बसलेला प्रत्येक जण शिव्या देत होता. राघूंना, चिमण्यांना, एकाची तर स्वतःच्या जावयाला चालली होती. ओट्यावर ज्याला वेड म्हणतात, त्याला मचाणावर राखण म्हणत होते. पंधरा दिवसांनी शिव्या कमी झाल्या, आणि एका सकाळी गणपतने दोन भाकरी खाऊन तिसरी मागितली. मी विचारलं, तो बोलतो का अजून?

“बोलते ना,” गणपत म्हणाला. “पण मास्तर, हे मचाणावरचे जवाब देते. तो नुसता बोलते. आपलं ऐकतच नाई.”

मी हे वाक्य चार्टवर लिहू शकलो नाही. रकाना नव्हता. नंबर तीनपुढे मी ‘शांत’ लिहिलं. तिकडे दौलत खोलीत रोज अर्धा-अर्धा तास घोरत होता. त्याच्यापुढे, नंबर सातपुढे, मी पूर्वीसारखंच ‘झोप’ लिहीत गेलो.

जवारी कापणीला आली तेव्हा परीक्षा झाली. प्रोफेसरसाहेब आणि सुपरिंटेंडेंट जीपने आले. घराच्या मोठ्या खोलीत सतरंजी घातली. गोविंदराव दारात टेकून उभे राहिले. घर त्यांचं, तेव्हा जा कोण म्हणणार? एकेकाला बोलावून प्रश्न विचारायचे, आणि ध्यानाच्या ग्रुपने प्रोफेसरसाहेबांसमोर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, असा क्रम होता. या बसण्याचा मला विसर पडला होता. गणपतने दीड महिना ध्यानाला डोळे मिटले नव्हते.

नंबर तीन म्हणताच तो आला आणि मांडी घालून बसला. डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो. दुसऱ्या मिनिटाला त्याची मान एका बाजूला कलली. तिसऱ्याला ओठ हलू लागले. मुठी आवळल्या. आता आईवरून शिवी येणार आणि जीपमध्ये मागच्या सीटवर गणपत बसणार, हे मला दिसत होतं. काशीबाईला काय लिहायचं, तेही मनात जुळवायला लागलो.

आणि गणपतने छाती भरून हाक दिली. “हाऽऽहू!”

प्रोफेसरसाहेबांच्या हातातलं पेन सतरंजीवर पडलं. खिडकीबाहेरून, शिवारातून, सखूबाईचा जवाब आला. तिच्यामागून आणखी एकाचा. मग लांबून तिसरा. गणपतने डोळे उघडले. मुठी सुटल्या होत्या.

“हे काय?” प्रोफेसरसाहेबांनी विचारलं. मला नव्हे, त्याला.

“तो येऊन राह्यला होता साहेब,” गणपत म्हणाला. “मी हाक देल्ली. लोकाईनं जवाब देल्ला. तो गेला.”

प्रोफेसरसाहेबांनी पेन उचललं आणि बराच वेळ भराभर लिहीत राहिले. मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर गणपतच्या हातांवरून फिरली. गोफणीच्या दोरीने त्याच्या बोटावर घट्टा पडला होता. ध्यानाने घट्टा पडत नाही, हे डॉक्टरला कळतं.

“याला डिस्चार्ज द्यायला हरकत नाही,” साहेब म्हणाले. “घरी घेतील का?”

मी पाडव्याची अट सांगितली. साहेबांनी मान हलवली. असल्या अटी त्यांनी बऱ्याच ऐकल्या होत्या. दारातून गोविंदराव बोलले, तेही माझ्याकडे बघून.

“मायं साल रिकामं होऊन राह्यलं पाडव्याले. जवारीले पाखरू शिवू न देनारा गडी पायजे मले.”

हा भर उन्हात जाऊ शकत नाही, गोळी चुकवून चालणार नाही, आजार पुन्हा उलटू शकतो, हे सगळं मी गोविंदरावांना समजावून सांगितलं. ते माझं कामच होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त गोळी किती वाजता द्यायची ते विचारलं. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच वॉर्डात अकरा वर्षं राहून वारला होता, हे मला पुढे जुन्या फायली लावताना कळलं. माझ्याजवळ ते त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला घर का दिलं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सोशल वर्करने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तो.

पाडव्याला काशीबाई बोचकं घेऊन केनवडलाच राहायला आली. थोरल्या भावाने मग घरात घ्यायची तयारी दाखवली होती, पण आता तिलाच तिकडे जायचं नव्हतं. गोविंदरावांनी गणपतला नवे कपडे आणि पायात जोडा दिला, आणि गणपतने रीतीप्रमाणे वावरात औत नेऊन दोन तास, म्हणजे औताच्या दोन रेघा, काढले. तास सरळ निघाले. मला ते बघून रडू आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

त्या संध्याकाळी मी प्रोफेसरसाहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. नंबर तीन ध्यानात नव्हता, मचाणावर होता. नंबर सात मचाणावर नव्हता, ध्यानात होता, म्हणजे झोपेत होता. चूक सर्वस्वी माझी. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पत्र मिळालं, निबंध मात्र छापायला गेला आहे, असं त्यात होतं. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ होती: ‘मचाणाबद्दल अधिक कळवावे.’ निबंध पुढे मी वाचला. नंबर तीनवर ध्यानाचा परिणाम विशेष उल्लेखनीय ठरला होता. मला नोकरीत ठपका बसला नाही. बसायला हवा होता. संशोधनात माणसं बदलून रजिस्टर तसंच ठेवणं हा गुन्हा आहे, आणि मी पुढे शिकाऊ सोशल वर्करना हे दरवर्षी सांगत आलो. मी काय केलं होतं, तेही सांगत आलो.

गणपत बरा झाला, असं आम्ही आमच्या धंद्यात म्हणत नाही. गोळी चालू होती. तो आवाज मधूनमधून यायचा. एकदा तर गणपतला पंधरा दिवस वॉर्डात आणावं लागलं. गोविंदराव स्वतः त्याला घेऊन आले आणि स्वतः परत न्यायला आले.

पुढच्या वर्षी जवारी भरली तेव्हा मी कामानिमित्त केनवडला गेलो. फुलपँट, बूट, हातात फायलींची बॅग. शिवारातून पायवाटेने चाललो होतो. लांब मचाणावर गणपत दिसला. त्याने मला ओळखलं आणि हाक दिली. मी हात हलवला. त्याने पुन्हा हाक दिली. सरकारी माणसाने भर वावरात ओरडायचं कसं, म्हणून मी हसून पुन्हा हात हलवला आणि पुढे निघालो.

जरा वेळाने मागे जवारी सळसळली. गणपत होता. धापा टाकत, गोफण वर ठेवून आलेला. त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“जवाब काहून नाई देल्ला मास्तर?” तो म्हणाला. “बरे हाय ना तुमी?”

मी बरा आहे म्हटलं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. तो उभाच राहिला. शेवटी मी बॅग खाली ठेवली आणि हाक दिली. आवाज फाटका निघाला. पण सखूबाईच्या मचाणावरून जवाब आला. “चालते,” गणपत म्हणाला आणि पाखरांकडे परत गेला.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. नवी औषधं आली, नवे चार्ट आले, रकानेही वाढले. पेशंटचं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर टाकायचं, एवढा एक नियम मी केनवडहून आणला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. पुष्कळदा लिहायला काही नसायचं. तरी टाकायचो.